व्यायलेल्या शेळीची कास एका बाजूने कडक व गरम झाली आहे, ती चारा खात नाही, काय करावे?

ही लक्षणे कासदाहाची, म्हणजे पशुपालक ज्याला दगडी म्हणतात त्या रोगाची आहेत. प्रथम गुदद्वारातून ताप मोजावा. निरोगी शेळीचे तापमान साधारणपणे १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. नंतर दोन्ही सडांच्या पहिल्या धारा वेगवेगळ्या काळ्या वाटीत काढून गाठी, पाणचटपणा किंवा रक्त दिसते का ते पाहावे. शेळीच्या दुधात मुळातच पेशी अधिक असल्याने दुधातील पेशींवरून रोग ओळखणारी गाईंसाठीची कासदाह चाचणी येथे फसवू शकते; म्हणून दोन्ही बाजूंची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते.

प्रतिजैविक देण्यापूर्वी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा, कारण औषध सुरू झाल्यावर जंतू प्रयोगशाळेत वाढतीलच असे नाही. औषधाची निवड, मात्रा आणि सूज व वेदना कमी करणारे इंजेक्शन पशुवैद्यकांनीच ठरवावे. घरात उरलेली ट्यूब सडात सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. रोगट बाजूचे दूध दिवसातून अनेकदा पूर्ण काढावे, मात्र निरोगी बाजू आधी पिळावी. करडांना दुसरे दूध पाजावे आणि औषधाचा वर्ज्य काळ, म्हणजे दुधात औषधाचा अंश राहतो तो काळ, संपेपर्यंत शेळीचे दूध विकू नये.

कास थंड पडून निळी-काळी दिसू लागली, तर तो सडणारा कासदाह असतो. त्यात शेळी एक-दोन दिवसांतही दगावू शकते, म्हणून पशुवैद्यकांना रात्रीसुद्धा बोलवावे.