आयडिया नवीन आहे पण ॲप बनवायला पैसे नाहीत, आधी गुंतवणूकदार शोधू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की वय २२, बंद पडलेली उपकरणं लोकांच्या घरून उचलायची, दुरुस्त करायची आणि परत पोचवायची अशी आयडिया आहे, ॲपचं कोटेशन ऐकून घाम फुटलाय, कुणाला सांगितलं तर तो आयडिया ढापेल ही भीती, आणि वय निघून चाललंय असंही वाटतंय. मी छोट्या धंद्यांचे हिशोब बघते, त्यात तरुण पोरापोरींचे धंदे बरेच, म्हणून वहीच्या बाजूने सांगते.

ॲप नकोच सध्या. गुंतवणूकदारही नको.

दुरुस्ती काही नवीन नाही, घरून उचलणंही नाही. मग तुमच्यात नवीन काय असेल तर गिऱ्हाईकाला आज जे कळत नाही ते कळणं, म्हणजे खर्च किती येणार, वस्तू कधी मिळणार आणि पार्ट खरंच बदलला की नुसताच पुसून परत बसवला. यासाठी व्हॉट्सॲप पुरतं हो. उघडलेल्या मशीनचा फोटो, जळालेला पार्ट, त्याच्या शेजारी नवा पार्ट, खाली रक्कम आणि तारीख, आणि समोरून ‘हो’ आलं की मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा. एवढं जरी दरवेळी न चुकता केलंत तरी लोक तुमचा नंबर पुढे देतील.

अमेरिकेत निक स्विनमर्नने १९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीची सुरुवात अशीच केली. लोक पायात न घालता ऑनलाइन बूट घेतील का हे बघायचं होतं, तर त्याने गोडाऊन भरलं नाही, दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. त्यात कमाई काय होणार, पण लोक घेतात हे कळलं ना. पुढे २००९ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी घेतली.

आता वही. प्रत्येक कामासमोर लिहा की जायला-यायला किती वेळ गेला, पार्ट शोधायला किती, फोन किती करावे लागले, पैसे कधी हातात पडले आणि तेच मशीन परत आलं का. बहुतेक वेळा असं दिसतं की दुरुस्तीला वेळ सगळ्यात कमी लागतो, खाऊन टाकते ती धावपळ, आणि मग आपोआप सुचायला लागतं की एका दिवशी एकाच भागातल्या वस्तू उचलू, किंवा सुरुवातीला दोनच प्रकारची मशीन्स घेऊ म्हणजे त्यांचे नेहमी लागणारे पार्ट घरात ठेवता येतील. असल्या गोष्टी ॲप बनवणारा तुम्हाला सांगणार नाही, त्याला त्या माहीतच नसतात. वही भरली की मग त्यातलं रोज डोकं खाणारं काम कुठलं तेवढंच सॉफ्टवेअरला द्या.

आणि एक, ज्यात भलेभले हुशार लोक आपटतात. समजा एखाद्या ऑफिसचं मोठं काम मिळालं. पार्टवाला रोख मागतो, ऑफिस ४५ दिवसांनी पैसे देतं. कागदावर नफा, खात्यात खडखडाट. त्यात अशी अजून चार ऑफिसं मिळाली की खड्डा पाचपट, म्हणजे धंदा जोरात चाललाय आणि म्हणूनच पैसे संपलेत, हे बाहेरच्याला पटतच नाही. तेव्हा पार्टचे पैसे आगाऊ घ्या, तपासणीची फी वेगळी ठेवा, आणि मागायला लाजू नका. कामाला वाघ पण पैसे मागताना मांजर, अशी मंडळी मी फार बघते.

आयडिया चोरीचं म्हणाल तर चोरून नेलेल्या आयडियासोबत ही सगळी कटकटही न्यावी लागते, ती कुणाला नको असते. पण सगळ्यांना सांगत सुटा असंही नाही म्हणणार. स्पँक्स या बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या अमेरिकन कंपनीवाल्या सारा ब्लेकलीने ५,००० डॉलरच्या बचतीतून सुरुवात केली आणि जवळजवळ वर्षभर मित्रमैत्रिणी, घरचे कुणालाच पत्ता लागू दिला नाही, कारण त्यांनी शंका काढल्या असत्या तर तिचाच धीर सुटला असता. त्यामुळे सांगायचं ते गिऱ्हाईकाला, काकामामांना नंतर बघू.

गुंतवणूकदाराला पैसा अनेक पटीने वाढलेला हवा असतो. एका शहरापुरता छान चालणारा दुरुस्तीचा धंदा त्याच्या कामाचा नाही, म्हणून तो वाईट धंदा ठरत नाही. ईमेलवरून जाहिराती पाठवायचं सॉफ्टवेअर देणारी मेलचिंप २००१ पासून बाहेरचा पैसा न घेता चालली आणि २०२१ मध्ये इंट्युइट या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. पिचिंगच्या, म्हणजे स्टेजवर गुंतवणूकदारांसमोर आयडिया मांडायच्या स्पर्धांबद्दल मी बोलत नाही, स्टेजवरच्या टाळ्यांची एंट्री मला कुठल्या खात्यात करायची तेच कळत नाही.

वय निघून चाललंय हे तर डोक्यातून काढाच. अमेरिकेतल्या सर्वात वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला होता, त्यात कंपनी सुरू करताना संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं. नोकरी मिळत असेल तर घ्या, हे काम सुट्टीच्या दिवशी करा, आणि नोकरीमुळे चालून आलेली कामं सतत नाकारावी लागली की मग सोडायचं बघा. मित्राला पार्टनर घेणार असाल तर कुणाचा हिस्सा किती आणि तो मधेच सोडून गेला तर त्या हिश्शाचं काय, हे पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या करून ठेवा.