गाणी-चित्रं वर्गात आणल्यावर मुलं खूश, पण पेपरात शून्य?

तुम्ही लिहिलंय की आठवी-नववीला इतिहास शिकवताना गाणी लावली, चित्रं दाखवली, पोरांना मजा आली पण पेपरात काही उतरलं नाही. सेम माझं झालेलं. मी एकदा तीन आठवडे नाटक बसवलं, मुकुट काय, पुठ्ठ्याच्या तलवारी काय, नुसती धमाल, आणि नंतर विचारलं की ही लढाई झालीच कशामुळे, तर अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला. चूक माझीच, नाटक नुसतं शोभेला होतं.

आता मी चित्राला साक्षीदारासारखं उभं करतो आणि मुलांना उलटतपासणी घ्यायला लावतो. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआचं 'लिबर्टी लीडिंग द पीपल' घ्या, हातात झेंडा घेतलेली ती बाई. हे कधीचं विचारलं की सगळे १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती म्हणून मोकळे होतात (स्टाफरूममध्येपण विचारून बघा एकदा). ते आहे जुलै १८३० चं, तीन दिवसांत फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स गादीवरून गेला ते बंड. मग चित्रात कोण कोण दिसतं ते त्यांनाच शोधू दे, उंच हॅटवाला बंदूक घेऊन उभा आहे, बाजूला कामगार, दोन पिस्तुलं घेतलेलं पोरगं, खाली प्रेतं. एवढे सगळे एकत्र लढले आणि गादीवर आला कोण, तर लुई फिलिप, म्हणजे परत राजाच! आणि त्याच्याच सरकारने १८३१ मध्ये हे चित्र विकत घेतलं आणि काही काळाने लोकांच्या नजरेआड ठेवून दिलं. का ठेवलं, एवढ्या एका प्रश्नावर माझा पूर्ण तास जातो आणि जाऊ देतो मी.

पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राला एकच प्रश्न पुरतो. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावर विमानांनी बॉम्ब टाकले, मग चित्रात विमानं कुठायत?

संगीत लावताना आधी नाव सांगू नका प्लीज, सांगितलं की पोरं तुम्हाला हवं तेच उत्तर देतात. रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) तासाभराहून मोठी आहे, ती सगळी नाही लावायची, पहिल्या भागात ड्रम हळूच सुरू होतो आणि तीच धून परत परत, दर वेळी मोठी होत येते, तेवढंच लावा आणि ऐकता ऐकता आवाजाची रेघ कागदावर काढायला सांगा. कोणीतरी चालून येतंय हे त्यांना आपोआप कळतं. मग सांगा की ९ ऑगस्ट १९४२ ला जर्मन वेढ्यात अडकलेल्या रशियातल्या लेनिनग्राड शहरात उपासमारीने खंगलेल्या वादकांनी हे वाजवलं आणि लाऊडस्पीकरवरून पलीकडच्या जर्मन सैन्यालाही ऐकवलं. चालून येणारा हिटलरच की घरातला स्टालिनसुद्धा, यावर जाणकार अजून भांडतात, वर्गातही भांडू दे.

गाणं असेल तर शब्द छापून हातात द्या, नाहीतर पोरं ठेकाच धरतात फक्त.

पेपरचं म्हणाल तर प्रत्येक चित्र किंवा गाण्याखाली वहीत तीन ओळी लिहून घेतो: कोणी केलं, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि यात काय दाखवलेलं नाही. तिसरी ओळ लिहायला धडा उघडावाच लागतो. नाटक अजूनही बसवतो हां, फक्त तलवारी शेवटच्या दोन दिवसांत बाहेर काढतो.