ट्वायलाइट, डस्क आणि ग्लोमिंग

विचारलेला प्रश्न असा आहे: स्कॉटलंडात घडणाऱ्या एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करताना ट्वायलाइट, डस्क आणि ग्लोमिंग हे तीन शब्द दोन पानांच्या आत भेटले, तिन्हींना ‘संधिप्रकाश’ म्हटले तर चालेल का? आणि ‘ट्वायलाइट’मधल्या ‘ट्वाय’चा अर्थ दोन असा असेल, तर ते दोन प्रकाश कोणते?

आधी दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. ‘ट्वाय’ हे दोन या अर्थाचे जुने पूर्वपद असून संस्कृतातल्या ‘द्वि’शी त्याचे सख्खे नाते आहे. मात्र या शब्दात दोन प्रकाशांची मोजणी अभिप्रेत नाही आणि दिवसातून दोनदा येणारा प्रकाश हाही त्याचा मूळ अर्थ दिसत नाही. धड दिवस नाही आणि धड रात्र नाही, अशा दोन अवस्थांत वाटला गेलेला अर्धा उजेड, हा अर्थ व्युत्पत्तीकारांना अधिक पटतो. जर्मन भाषेतला ‘त्स्वीलिश्ट’ हा शब्दही याच घडणीचा आहे. आपल्या ‘संध्या’ शब्दात सांधा आहे आणि इंग्रजी शब्दात दुभागणी आहे. एकीने जोड पाहिली, दुसरीने फाळणी पाहिली, पण दोघी पाहत होत्या ती वेळ एकच. शिवाय ट्वायलाइट पहाटेचाही असतो आणि ‘संधिप्रकाश’ही दोन्ही वेळांना चालतो, म्हणून ही जोडी मला निर्दोष वाटते.

डस्कची गोष्ट वेगळी आहे. हा मुळात रंगाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘डॉक्स’ म्हणजे काळपट, सावळा. पुढे त्यातल्या क् आणि स् या ध्वनींची अदलाबदल होऊन तो ‘डस्क’ झाला. लॅटिनमधला ‘फुस्कस’ हा त्याचा भाऊबंद, ज्याच्यापासून अर्थ झाकोळून टाकणे या अर्थाचे ‘ऑब्फस्केट’ हे क्रियापद आले आहे. शतकानुशतके विशेषण म्हणून वावरल्यानंतर सतराव्या शतकात हा शब्द वेळेचे नाव म्हणून रुळला. त्यामुळे ट्वायलाइट म्हणणाऱ्याची नजर उरलेल्या उजेडावर असते, तर डस्क म्हणणाऱ्याची नजर उतरणाऱ्या काळोखावर असते.

खगोलशास्त्रातही हा भेद पाळला जातो. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी वरचे वातावरण उजळलेले राहते आणि तिथून विखुरलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंतचा तो नागरी संधिप्रकाश, ज्यात दिव्याशिवाय बाहेरची कामे उरकता येतात. १२ अंशांपर्यंतचा नाविक, ज्यात समुद्रावर क्षितिजाची रेघ ओळखू येते. आणि १८ अंशांपर्यंतचा खगोलीय. या तिन्ही कालावधींना ट्वायलाइट म्हणतात, पण संध्याकाळी त्यांतला प्रत्येक टप्पा संपतो त्या क्षणाला डस्क म्हणतात. बोलीभाषेत इतका काटेकोरपणा नसला तरी ट्वायलाइट रेंगाळतो आणि डस्क पडतो, ही जाण तिथेही टिकून आहे. म्हणून डस्कसाठी मी ‘संधिप्रकाश’ टाळेन. ‘अंधारून आले’, ‘दिवस बुडाला’ अशा क्रियापदांनी तो अर्थ नेमका उतरतो, आणि कथेची भाषा ग्रामीण वळणाची असेल तर ‘कडूसं पडलं’ याहून चांगला शब्द मला सुचत नाही. नामाला नामच हवे, हा अनुवादकांचा हट्ट मराठीच्या स्वभावाला मानवत नाही.

आता ग्लोमिंग. पुष्कळांना त्यात उदासी या अर्थाचा ‘ग्लूम’ ऐकू येतो आणि मग अनुवादात हमखास ‘कातरवेळ’ येते. वास्तविक हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘ग्लोमुंग’पासून आला असून त्याचे नाते मंद तेजाच्या ‘ग्लो’शी जोडले जाते, ‘ग्लूम’चा मूळ अर्थ कपाळाला आठ्या घालणे असा होता आणि त्याचे कूळ निराळे आहे. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. दिवस कलताना मनात उठणारी हुरहुर कातरवेळेत आहे, ग्लोमिंगमध्ये ती असेलच असे नाही. स्कॉट लोकांच्या बोलीत हा शब्द जिवंत राहिला आणि रॉबर्ट बर्न्स यांच्यासारख्या कवींच्या लेखनातून इंग्रजी वाचकांपर्यंत पुन्हा पोहोचला. त्यांच्याकडे ही वेळ प्रियजनांच्या भेटीची आहे.

उजेडावरून नव्हे, तर माणसांच्या आणि जनावरांच्या व्यवहारावरून वेळ ओळखण्याची आपली रीत (गोरज, दिवेलागण) इंग्रजीलाही परकी नव्हती. तिथे घुबडाच्या नावाने ‘आउल-लाइट’ होता, आणि शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डवरील नाटकात ‘कॉकशट’ची, म्हणजे बहुधा कोंबड्या कोंडण्याची, वेळ येते. मला सर्वांत आवडतो तो ‘ब्लाइंड मॅन्स हॉलिडे’, म्हणजे आंधळ्याची सुटी: काम दिसेनासे झाले आहे, पण मेणबत्ती जाळण्याइतका अंधार अजून झालेला नाही, अशी हात रिकामे ठेवणारी घटका. मेणबत्तीचा खर्च जपणाऱ्या घरांचा सारा संसार या तीन शब्दांत आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी गावांत प्रार्थनासभेची वेळ ‘अर्ली कँडललाइट’ अशी कळवली जात असे, आणि ती शब्दशः आपली दिवेलागणच आहे.

तरीही या कथेत ग्लोमिंगला ‘दिवेलागण’ किंवा ‘तिन्हीसांजा’ म्हणू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तिन्हीसांजा म्हटले की देवापुढची समई, शुभंकरोति आणि उंबरठ्यावर बसू नये असे बजावणारी आजी हे सगळे सोबत येते, आणि स्कॉटलंडातल्या टेकडीवर त्याला जागा नाही. दुसरे कारण अक्षांशांचे आहे. मुंबईत सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, त्यामुळे मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास नागरी संधिप्रकाश जेमतेम २२ मिनिटे टिकतो. एडिनबरात जूनअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि क्षितिजाला लगटून तिरका सरकत राहतो, म्हणून नाविक संधिप्रकाश रात्रभर संपतच नाही. आणखी उत्तरेला शेटलंड बेटांवरील लर्विकमध्ये तर त्या दिवसांत मध्यरात्रीही सूर्य साडेसहा अंशांहून खाली जात नाही. तिथल्या लोकांनी या रात्रभराच्या उजेडाला ‘सिमर डिम’, म्हणजे उन्हाळ्यातला मंद प्रकाश, असे स्वतंत्र नाव दिले आहे.

तेव्हा कथेतले महिने एकदा तपासून पाहावेत. प्रसंग हिवाळ्यातला असेल तर ग्लोमिंगला साधी ‘सांज’ पुरेशी आहे. तो जूनमधला असेल, तर ‘सांजेचा उजेड रेंगाळत राहिला होता’ असे वाक्यच लिहावे आणि जवळपास कुठेतरी घड्याळात दहा वाजून गेल्याचा उल्लेख येऊ द्यावा. नाहीतर मराठी वाचक सवयीने सात वाजले असे समजून पुढे जाईल.