वाचकांचे प्रश्न : पाडलेल्या घराचा मलबा आणि जिओपॉलिमर काँक्रीट

प्रश्न : इंदुरात रामबागेतील आमचे जुने घर पाडून आम्ही नवे बांधत आहोत. विटा, चुना आणि नंतर चढवलेल्या मजल्याचे काँक्रीट असा बराच मलबा निघेल. त्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळून, सिमेंट न वापरता, जिओपॉलिमर काँक्रीटचा स्लॅब टाकावा असा मुलाचा आग्रह आहे. ठेकेदार मात्र ते हसण्यावारी नेतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : स्लॅबपुरते ठेकेदाराचे, अंगणाच्या फरशीपुरते चिरंजीवांचे.

या काँक्रीटमध्ये सिमेंटचे काम राख आणि पोलाद कारखान्याची दळलेली स्लॅग (लोखंड वितळवताना उरणारी मळी) करतात. त्यांतील सिलिका व अ‍ॅल्युमिना कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणात विरघळून पुन्हा घट्ट जाळ्यात बांधले जातात. चुनखडी सुमारे १४५० अंशांच्या भट्टीत भाजावी लागत नाही, हा त्यातला मोठा लाभ. मात्र सोडियम सिलिकेट बनवायलाही भरपूर इंधन जळते, तेव्हा प्रदूषण शून्य झाले असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. नुसती राख वापरली तर माल साधारण ६० ते ८० अंशांच्या उष्णतेत ठेवावा लागतो. स्लॅग मिसळली की तो नेहमीच्या हवेतही आवळतो.

तुमच्या मलब्याचे स्थान मुख्यतः खडीच्या जागी आहे. फोडलेल्या काँक्रीटच्या प्रत्येक तुकड्याला जुन्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो, आणि आपल्या माळव्यातील काळ्या दगडाच्या खडीपेक्षा तो कितीतरी जास्त पाणी पितो. कोरडी खडी तशीच मिसळली तर ती द्रावण शोषून घेते, मिश्रण सैल राहत नाही आणि जोडही कच्चा राहतो. म्हणून ती आधी भिजवून, वरचे पाणी निथळल्यावरच वापरावी. विटांचे तुकडे वेगळे ठेवावेत. त्यांची अगदी बारीक पूड राखेच्या जोडीला काही प्रमाणात चालते, परंतु ते गिरणीचे काम आहे, घणाचे नव्हे. जिप्समचे छत, प्लास्टिक, लाकूड आणि माती यांपैकी काहीही ढिगात जाऊ देऊ नये. ही निवड घर पाडतानाच करावी लागते. एकदा सारे ट्रॉलीत एकत्र पडले की कोणी ते निवडत बसत नाही.

स्लॅबला नकार देण्याचे कारण असे की आयएस १७४५२ : २०२० हे भारतीय मानक अशा काँक्रीटच्या कारखान्यात ओतलेल्या वस्तूंसाठी आहे, घरी जागेवर ओतलेल्या स्लॅबसाठी नाही. साध्या सिमेंटच्या बाबतीतही आयएस ३८३ : २०१६ लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये पुनर्वापराची जाड खडी २० टक्क्यांपर्यंतच, तीही एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंत, घालू देते. पेव्हर ब्लॉक किंवा कुंपणाच्या भिंतीचे ठोकळे करून पाहण्यास मात्र हरकत नाही, तेही हे काम जाणणाऱ्या कारखान्याकडून. घरच्या घरी द्रावण करू नये. कॉस्टिक पाण्यात पडताच द्रावण भयंकर तापते, डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या घमेल्यात ते ओतले तर हायड्रोजन वायू सुटतो. उरलेला मलबा देवगुराडियाच्या महानगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवता येईल.

प्रश्न : पीथमपूरच्या एका कारखान्यातून बॉयलरची राख फुकट मिळते आहे. ती चालेल का?

उत्तर : तपासणी अहवालाशिवाय नाही. कोळशासोबत भुसा किंवा इतर काही जाळले जात असेल तर राखेचे गुण रोज बदलतात, आणि न जळालेला कोळसा द्रावण व्यर्थ शोषतो. आयएस ३८१२ प्रमाणे राख पुन्हा जाळल्यावर तिच्या वजनात होणारी घट ५ टक्क्यांहून जास्त असू नये. खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी किंवा खरगोनच्या वीजकेंद्रातील राख त्या मानाने एकसारखी असते, आणि वाहतुकीचा खर्च धरूनही तीच परवडेल.