नेमका तोच झॉम्बी कसा निवडावा?

प्रश्न : मायनक्राफ्ट या संगणकीय खेळाच्या जावा आवृत्तीत गावाभोवतीचे झॉम्बी नाहीसे करण्यासाठी मी ‘किल’ या आज्ञेपुढे ‘@ई’ लिहिले, तर गावकरी, पाळलेला लांडगा आणि मी स्वतः असे सगळेच मेलो. फक्त जवळचे झॉम्बी, तेही पिंजऱ्यातला एक वगळून, कसे निवडावेत?

उत्तर : ‘@ई’ म्हणजे त्या वेळी लोड झालेली प्रत्येक एन्टिटी (खेळातला स्वतंत्र जीव किंवा वस्तू). त्यात खेळाडू आणि प्राणी तर येतातच, पण जमिनीवर पडलेल्या वस्तू, खाणगाड्या आणि भिंतीवरची चित्रेही येतात. म्हणून त्याला लागूनच, मध्ये जागा न सोडता, चौकोनी कंसात अटी घालाव्यात : ‘@ई[टाइप=झॉम्बी,डिस्टन्स=..20]’. (खेळात हे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे आहे.) विसाच्या आधीचे दोन ठिपके ‘वीस ब्लॉकपर्यंत’ (ब्लॉक म्हणजे खेळातला एक ठोकळा, अंतराचे माप) असे सांगतात, ते गाळले तर बरोबर वीस ब्लॉकवर उभा असलेलाच झॉम्बी शोधला जातो आणि बहुधा कोणीच सापडत नाही. वाळवंटातले हस्क आणि पाण्यातले ड्राउन्ड या झॉम्बींचे प्रकार खेळाच्या लेखी वेगळे असल्याने त्यांच्यासाठी आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागेल.

पिंजऱ्यातल्या झॉम्बीसाठी टॅग (आज्ञेने चिकटवलेली, न दिसणारी खूण) हा उपाय मला नाव देण्यापेक्षा भरवशाचा वाटतो, कारण नाव ‘नेम टॅग’ या खेळातल्या वस्तूने कोणीही बदलू शकतो, टॅग मात्र आज्ञेवाचून हलत नाही. पिंजऱ्याला खेटून उभे राहा आणि ‘टॅग @ई[टाइप=झॉम्बी,सॉर्ट=निअरेस्ट,लिमिट=1] ॲड कैदी’ ही आज्ञा द्या. ‘सॉर्ट’ची अट विसरलात, तर शिक्का भलत्याच झॉम्बीवर बसू शकतो. त्यानंतर आधीच्या कंसात ‘टॅग=!कैदी’ एवढी भर घातली की उद्गारचिन्हामुळे तो वगळला जाईल.

तरीही थेट ‘किल’ देऊ नका. त्याच कंसासह आधी ‘इफेक्ट गिव्ह’ने ‘ग्लोइंग’ हा परिणाम लावा. निवडलेल्या प्रत्येक झॉम्बीभोवती भिंतीपलीकडूनही दिसणारी चकाकती कडा उमटेल, आणि कैद्याभोवती ती दिसली तर चूक वेळीच लक्षात येईल.

हीच आज्ञा कमांड ब्लॉकमध्ये (आत लिहिलेली आज्ञा चालवणाऱ्या ठोकळ्यात) घातलीत, तर अंतर तुमच्यापासून नव्हे, त्या ब्लॉकपासून मोजले जाते. ते सर्वांत जवळच्या खेळाडूपासून मोजायचे असल्यास आज्ञेच्या आधी ‘एक्झिक्यूट ॲट @पी रन’ जोडावे. तेथे ‘ॲट’ऐवजी ‘ॲज’ लिहिल्यास आज्ञा देणारा बदलतो, मोजणीची जागा मात्र ब्लॉकच राहते.