ताट आणखी लहान करू नकोस

अगं ऐक, काल पॅन्ट्रीत तुझा डबा बघितला तेव्हाच बोलायचं होतं, पण सगळ्याजणी समोर होत्या म्हणून गप्प बसले. काकडीच्या चकत्या आणि एक उकडलेलं अंडं, त्याचाही पिवळा बलक काढून टाकलेला. आणि मग हात धुताना तू म्हणालीस की मॅडम, नऊ आठवडे झाले, काटा ७८.४ वरून हलत नाहीये, आता रात्रीचं जेवणच बंद करते. डोळे भरले होते तुझे. रात्री मला झोप येईना म्हणून हे लिहायला बसले.

जानेवारीत तू ८९ होतीस. साडेदहा किलो उतरवलेस, ते पण रोजची विरार लोकल सांभाळून. त्याचं कौतुक करत बसत नाही, ते किती अवघड असतं ते तुला माहितीये आणि मलाही. मला एकच सांगायचंय. ताट आणखी लहान करू नकोस.

मी केलं होतं गं ते. १९९९ची गोष्ट, दुसऱ्या बाळंतपणानंतर मी ७६ किलोची झाले होते. तेव्हा स्टेशनवर वजनाची मोठी मशिनं असायची, दिवे लुकलुकायचे, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मी संध्याकाळी दादरला उतरले की आधी तिकडे, पर्स खांद्यावरून काढून हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहायचे. तिकिटं शिवणाच्या डब्यात जमवायचे. पाच महिन्यांत ६३ आलं आणि मग सहा आठवडे प्रत्येक तिकिटावर ६३, ६३, ६३. मी ज्या वजन घटवायच्या सेंटरमध्ये जायचे तिथल्या बाई म्हणाल्या, चोरून खात असाल. मी चोरून एक शेंगदाणा खाल्ला नव्हता. पण इतकं लागलं ते बोलणं की सकाळी पपई आणि संध्याकाळी एक वाटी मुगाचं पाणी, एवढ्यावर आले. दोन महिन्यांत फक्त दोन किलो उतरले. बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता, पाळी बंद, पुलाचा जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी. पुढच्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले की फार भराभर वजन उतरवलं की खड्यांचा धोका वाढतो. आणि मग मी जेवायला लागले आणि थांबलेच नाही, दोन वर्षांत ८१. धाकटी तेव्हा दोन-तीन वर्षांची, तिच्यावर मी सारखी ओरडायचे, भुकेने चिडलेली असायचे ना. त्याचं मला अजून वाईट वाटतं, केसांचं नाही वाटत.

आता काटा का थांबतो ते. सुरवातीला जे भराभर उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, शरीर साखर ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, त्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते साठे संपले की तेही जातं. तो वेग पुन्हा येणार नव्हताच. दुसरं, ८९ किलोचं शरीर पूल चढवायला जेवढं लागायचं तेवढं ७८ किलोचं चढवायला लागत नाही, म्हणजे तोच डबा आता तुला पुरतोय. आणि तिसरं जे कोणी सांगत नाही, तू खाणं कमी केलंस की शरीर गुपचूप हालचाल कमी करतं. जूनपासून तू लिफ्टने यायला लागलीस, मी बघतेय. आळस नाही तो, शरीर हात आखडता घेतं. अमेरिकेत वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं होतं, २०१६ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं आणि तरीही त्यांचं शरीर बसल्या जागी रोज अंदाजापेक्षा ५०० च्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनी! आणि तू म्हणतेस रात्रीचं जेवण बंद करते.

कापू नकोस, मोज. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तू त्या एक करून टाकल्यास. पोळ्या मोजतेस, पण तेलाची पळी मोजलीस का कधी? पंधरा मिलीची एक पळी म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि भाजीत आईचा हात किती सैल आहे ते तुला माहीत नाही. चतुर्थीला उपवास केला म्हणून खूश असतेस, पण साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा, ते तुझ्या दोन दिवसांच्या डब्यांपेक्षा जड आहे. शनिवार-रविवार वहीत कोरे असतात. तीन आठवडे फक्त खरं खरं लिही, बदलू काहीच नकोस. पाळीच्या आधी पाण्याने काटा चढतो तेही त्यात दिसेल. काट्याबरोबर दर पंधरा दिवसांनी कमरेला टेप लाव, आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटरची रेघ धरतात, तुझी कंबर तिकडे सरकतेय का ते बघ, कारण तुझा तो निळा कुर्ता नऊ आठवड्यांत सैल झालाय, हे मला दिसतं आणि तुला दिसत नाही. थायरॉईड एकदा तपासून घे, पाळी लांबली तर सरळ डॉक्टरकडे जा. वजन घटवायच्या इंजेक्शनांचं विचारत होतीस, तो डॉक्टरांनी ठरवायचा विषय आहे, पण त्यावरही वजन कुठेतरी थांबतंच.

आणि जेव. बलक खा. डाळ घट्ट खा, वरणाचं पाणी नको, दही, उसळ, पनीर काहीतरी प्रत्येक जेवणात असू दे. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचल, जिम परवडत नसेल तर पाण्याच्या बाटल्या चालतील. कमी खाऊन नुसतं चाललीस तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग पुढचा किलो आणखी अवघड.

मी २०१३ला पुन्हा सुरू केलं, ८१ वरून. ७० वर सात महिने अडकले. सात महिने! घरात सगळे म्हणायचे काहीतरी बदल, पोळी सोड, भात सोड. मी नाही सोडला. एक पोळी उलट वाढवली आणि डंबेल आणले. आठव्या महिन्यात ६९ दिसलं, पुढे ६६ आलं आणि तिथेच आहे, इतकी वर्षं. बहीण अजून म्हणते, अगं अजून पाच-सहा किलो जायला हवेत, तू हार मानलीस. मी हार मानलेली नाही. माझी शुगर नीट आहे, पुलाचा जिना मी न थांबता चढते, मी पोटभर जेवते आणि घरात कोणावर ओरडत नाही. ६० किलोच्या हट्टापायी मी एकदा सगळं घालवलंय, ते परत नाही करणार, कोणी काहीही म्हणो. बहिणीला ते पटत नाही. तुला पटायला हवं, कारण तू आत्ता बरोबर त्या ६३च्या तिकिटावर उभी आहेस.

म्हणून रात्रीचं जेवण बंद करायचं नाही. आज रात्रीपासून नाही, आणि एक तारखेपासून पण नाही.

सोमवारी डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि अख्खं अंडं आण. माझ्याशेजारी बस. मी झाकण उघडून बघणार आहे.