ओढणीचं परिपत्रक आणि तुमची तक्रार

प्रश्न : मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात चार वर्षं नोकरी करते. विभागाचे व्यवस्थापक गेले काही महिने माझ्या कपड्यांवरून, शरीरावरून बोलत होते. रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज यायचे. अडीच महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी फाइल दाखवत असताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी एचआरच्या मॅडमना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मुलींनीही थोडं भान ठेवायला हवं.' पंधरा दिवसांत परिपत्रक निघालं : महिलांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज असाच पोशाख करावा, जीन्स आणि बिनबाह्यांचे कपडे चालणार नाहीत. पुरुषांसाठी त्यात एक ओळही नाही. एक दिवस मी जीन्स घालून गेले, तर 'खुलासा करा' अशी नोटीस हातात आली. त्या संध्याकाळी माझ्या अंगात बिनबाह्यांचा कुर्ता होता. तक्रारीत हे लिहू की लपवू? तक्रार समितीच्या अध्यक्ष त्याच एचआरच्या मॅडम आहेत. आई म्हणते, ओढणी घे आणि गुमान नोकरी कर. तसा त्यांचा पहिला शेरा माझ्या साडीवरच होता.

उत्तर : आधी मुदतीचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो की घटनेपासून, आणि घटना एकापाठोपाठ एक घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. समितीला पटलं तर ती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, पण हे तिच्या मर्जीवर आहे. तुम्ही एचआरला तोंडी सांगितलंत. ती या कायद्याखालची तक्रार धरली जाणार नाही. पाठीवरून हात फिरवल्यानंतरही मेसेज येत राहिले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आले असतील तर शेवटच्या मेसेजपासून मुदत मोजता येईल. तरीही त्या आशेवर राहू नका. तुमच्या हातात साधारण पंधरा दिवस आहेत, ते पुरेसे आहेत.

आता कुर्त्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते 'लपवू' हा शब्द वाचून. लपवण्याजोगं तुमच्याकडे काहीच नाही. या कायद्याच्या कलम २ मध्ये लैंगिक छळाची व्याख्या आहे. शारीरिक स्पर्श किंवा लगट, लैंगिक संबंधांची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील साहित्य दाखवणं आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही वर्तन, मग ते स्पर्शाचं असो, बोलण्याचं असो की खाणाखुणांचं. या सगळ्याला एकच कसोटी लावली आहे : ते त्या स्त्रीला नकोसं होतं का. ती काय ल्यायली होती, हे त्या कलमात कुठेही नाही. म्हणून तक्रारीत कुर्त्याचा उल्लेख करायची गरज नाही. तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, त्यानं काय केलं, तुम्ही काय केलंत, आसपास कोण होतं, एवढं क्रमानं लिहा.

पण कुणी विचारलंच, तर खरं सांगा. हे मी जोर देऊन सांगते आहे, कारण याच ठिकाणी मी एक सरळ तक्रार अडखळताना पाहिली आहे. मी काही कंपन्यांच्या समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसते. एका चौकशीत तक्रारदार मुलीला पहिलाच प्रश्न कपड्यांचा आला. ती ओशाळली आणि 'सलवार-कमीज होता' असं म्हणाली. सीसीटीव्हीत स्कर्ट दिसला. पुढच्या दोन बैठका समोरचा माणूस तेवढंच उगाळत राहिला : 'ही कपड्यांबद्दल खोटं बोलते, तर स्पर्शाबद्दल कशावरून खरं बोलत असेल?' स्कर्टमुळे तिचं काहीही बिघडलं नसतं. बिघडवलं ते लाजेपोटी बोललेल्या एका वाक्यानं. तेव्हा प्रश्न आलाच तर एवढंच म्हणा, 'बिनबाह्यांचा कुर्ता होता. हा प्रश्न माझ्या तक्रारीशी संबंधित नाही, आणि तो विचारला गेल्याची नोंद कार्यवृत्तात घ्यावी.' प्रश्न कागदावर जाणार म्हटल्यावर विचारणारे पुष्कळदा तो सोडून देतात. सोडला नाही, तर पुढे अपिलात तीच नोंद तुमच्या कामाला येईल.

न्यायालयांनाही हे कळायला वेळ लागला. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा भारतीय पुरावा कायद्यात होती, ती २००२ च्या दुरुस्तीनं काढली. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४८ सांगतं की अशा गुन्ह्यांत संमतीचा मुद्दा असेल तेव्हा स्त्रीचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध हा पुरावा होऊच शकत नाही. एका प्रकरणात मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं आरोपीनं तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घालून जामीन दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली आणि बजावलं की जामिनाच्या आदेशात तिचे कपडे, वागणं, आधीचं आचरण यांची चर्चा येता कामा नये. तरीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये केरळात कोळिकोडच्या सत्र न्यायालयानं आरोपीला अटकपूर्व जामीन देताना लिहिलं की तक्रारदाराचे कपडेच उत्तेजक होते, म्हणून लैंगिक छळाचं कलम सकृद्दर्शनी लागू होत नाही. दोन महिन्यांत केरळ उच्च न्यायालयानं तो शेरा आदेशातून काढून टाकला. जामीन मात्र कायम राहिला, हेही तुम्हाला सांगायला हवं. शेरा पुसला गेला म्हणजे प्रत्येक वेळी निकाल आपल्या बाजूनं लागतो असं नाही.

यापेक्षाही तुमच्या प्रकरणाला जवळचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या एका प्रकरणातला आहे. एक पोलीस निरीक्षक रात्री एका स्त्रीच्या घरी गेला आणि त्यानं तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला. खात्यानं चौकशी करून त्याला बडतर्फ केलं. उच्च न्यायालयानं तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं : तिचं खासगी आयुष्य कसंही असो, कुणालाही वाटेल तेव्हा त्यात घुसता येणार नाही, आणि तेवढ्यावरून तिची साक्ष फेकून देता येणार नाही. हे प्रकरण खातेनिहाय चौकशीचं होतं. तुमच्या समितीची चौकशीही त्याच जातीची आहे, म्हणून हा निकाल समितीसमोर लेखी ठेवण्यासारखा आहे.

परिपत्रकाकडे येऊ. कार्यालयानं पोशाखाचा नियम करणं मुळात बेकायदा नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनंच आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर घालून यायला मनाई केली होती. ती स्त्री-पुरुष दोघांनाही होती. अशा नियमाशी तुम्ही वाद घालू शकता, पण त्याला छळ म्हणता येत नाही. तुमच्या परिपत्रकाची गोष्ट वेगळी आहे. ते तुम्ही तोंडी सांगितल्यानंतर पंधरा दिवसांत निघालं, ते फक्त स्त्रियांना लागू आहे, आणि त्याची पहिली नोटीस तुम्हालाच मिळाली.

अनेक जणी इथे राज्यघटनेतल्या समानतेच्या अनुच्छेदांकडे धाव घेतात. सरकारी नोकरीत तो मार्ग भक्कम आहे. खासगी कंपनीविरुद्ध ते अनुच्छेद थेट लावणं कठीण जातं. तुमचा आधार २०१३ च्या कायद्यातच आहे. छळाच्या अनुषंगानं नोकरीत वाईट वागणूक देण्याची धमकी, कामात अडथळा, धास्तीचं किंवा अपमानाचं वातावरण, या सगळ्याची दखल कलम ३ घेतं. कलम १९ प्रमाणे सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. परिपत्रक आणि नोटीस दोन्ही तक्रारीला जोडा आणि तारखा शेजारी शेजारी मांडा : एचआरला सांगितलं ती तारीख, परिपत्रकाची तारीख, नोटिशीची तारीख. त्यावर तुम्हाला फारसं भाष्य करावं लागणार नाही.

तोवर ते परिपत्रक पाळायचं का? माझं मत काही मैत्रिणींना आवडणार नाही, तरी सांगते : सध्या पाळा, पण लेखी हरकत नोंदवून. तुम्ही मुद्दाम मोडलंत की कंपनीच्या हातात शिस्तभंगाचं दुसरंच प्रकरण येतं, आणि चर्चा व्यवस्थापकाच्या हातावरून तुमच्या जीन्सवर सरकते. त्यांना नेमकं तेच हवं आहे. पोशाखाची लढाई नंतर लढता येईल. नोटिशीचा खुलासा दिलेल्या मुदतीतच द्या आणि तो छोटा ठेवा. साधारण असा : 'सदर परिपत्रकाचे मी पालन करीत आहे. तथापि ते केवळ महिला कर्मचाऱ्यांना लागू असून मी लैंगिक छळाबाबत तोंडी कळवल्यानंतर काढण्यात आले आहे. त्यास माझी हरकत असून याबाबतचे माझे सर्व हक्क राखून ठेवीत आहे.' माफी मागू नका, कपड्यांचं समर्थनही करू नका. स्थळप्रतीवर, म्हणजे तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, पोच घ्या. देत नसतील तर ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टानंही पाठवा.

समितीबद्दल. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. ही बाहेरची व्यक्ती कोण, हे आधी लेखी विचारा. ती नेमलेलीच नसेल तर समितीची रचनाच सदोष आहे, आणि नीट समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष मॅडमविषयी तक्रारीसोबत वेगळा अर्ज द्या : त्यांनी माझं म्हणणं ऐकून आधीच मत व्यक्त केलं आहे, म्हणून या चौकशीतून त्यांनी बाजूला व्हावं. त्या उच्चारल्या ते वाक्य जसंच्या तसं लिहा. हरकत सुरुवातीलाच घ्यायची असते. निकाल विरुद्ध गेल्यावर घेतली तर तिला वजन राहत नाही.

तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. समितीपुढे वकील चालत नाही, त्यामुळे तिथे मी किंवा दुसरं कुणी तुमच्यासाठी बोलू शकणार नाही. म्हणून तक्रार तुमच्या स्वतःच्या भाषेत असू द्या. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि त्यानं तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये असा आदेश, हे सगळं मागता येतं. शेवटचं आवर्जून मागा. तुमच्या वार्षिक मूल्यमापनाची किल्ली त्याच्याच हातात आहे. 'आपसात मिटवा' असा आग्रह होईल. समेट फक्त तुमच्या विनंतीवरूनच होऊ शकतो, आणि पैसे घेऊन तर मुळीच नाही.

कुणीतरी 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई' अशी भीती घालेल. ते खोटं आहे. जाणूनबुजून, द्वेषानं केलेल्या खोट्या तक्रारीसाठी कलम १४ आहे, आणि पुरावा पुरेसा पडला नाही म्हणून कारवाई करता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे.

मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, बॅकअप घ्या. त्या संध्याकाळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा अर्ज आजच द्या, कारण रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते आधीच गेलं असेल, तर कधी गेलं याचं लेखी उत्तर मागा.

पोलिसांकडे जायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली नकोशा स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, शेरेबाजीला एक वर्षापर्यंत कैद. समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. तुमची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आईवर रागावू नका. तिच्या पिढीनं अशा वेळी ओढणी सारखी करून मान खाली घालून घर गाठलं, कारण तिच्या नोकरीच्या काळात हा कायदाच नव्हता. १९९७ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं घालून देईपर्यंत, कामाच्या ठिकाणच्या छळाला आपल्याकडे वेगळं नावही नव्हतं. तिला एकच विचारा : व्यवस्थापक बोलायला लागले, त्या पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काय होतं? तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता, लिहिलं आहे की तो पहिला शेरा त्यांनी तुमच्या साडीवर मारला होता. ते वाक्य तक्रारीत पहिल्या परिच्छेदात घ्या, तारखेसह. कपडे सांगायला नको असं मी वर म्हटलं, पण हा शेराच साडीवरचा आहे. तो छळाचा भाग आहे, म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे यायला हवेत.

तक्रारीचा मसुदा तयार झाला की, ती देण्याच्या निदान दोन दिवस आधी, मला पाठवा. नोटिशीची आणि परिपत्रकाची प्रतही सोबत असू द्या.